‘म्हणे’ हरवलेली भाषा

मोबाइलने मराठी बिघडवली, ही साहित्यसंमेलनांच्या व्यासपीठांवरून वर्षानुवर्षे होणारी तक्रार चुकीच्या जागी बोट ठेवते. रोमन लिपीत लिहिलेले निरोप, तोडलेले शब्द, ऱ्हस्वदीर्घाची हेळसांड यांनी भाषेला इजा होते हे खरे असले, तरी त्या इजेने कोणाचा जीव गेलेला नाही. ज्या बदलाने जीव गेले, त्याकडे भाषेची राखण करणाऱ्यांनी पाठ फिरवली, आणि हा आरोप साहित्यसंमेलनाच्या या सभागृहाने ऐकून घेतलाच पाहिजे.

‘पाटलांची विहीर आटली म्हणे’ या वाक्यात बोलणारा बातमी देतो आणि त्याच दमात ती आपण पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, अशी कबुलीही देतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘म्हणे’ ही माहितीचा उगम दाखवणारी खूण होय. सांगोवांगी, म्हणजे तोंडोतोंडी पसरणारी गोष्ट, मराठी समाजाने कधी वर्ज्य मानली नव्हती; मात्र ‘कोण म्हणाले?’ असे उलट विचारण्याची वाट या दोन अक्षरांनी मोकळी ठेवली होती. ‘फॉरवर्ड’ने, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवण्याच्या सोयीने, ती वाट बुजवली, कारण तेथे म्हणणारा कोणीच उरत नाही आणि मजकूर मात्र ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाच्या नावाखाली येऊन पडतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेतून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. डवर, म्हणजे डमरूसारखे वाद्य, वाजवत भिक्षा मागणारी ही भटकी जमात पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी दारात उभी राहून, बोलून, ओळख पटवून जगत आली. कोण, कुठले, कोणाचे, हे विचारण्याची आणि सांगण्याची रीत गावांनी व भटक्यांनी मिळून सांभाळली होती. त्या दिवशी उत्तर देणारी पाच माणसे समोर असताना हातातल्या पडद्यावरचा मजकूर अधिक खरा ठरला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी चिठ्ठी लावली आणि भारतात तो एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली गेली. ती चिठ्ठी म्हणजे यंत्राने परत आणलेले ‘म्हणे’, पण ते पाठवणाऱ्याच्या तोंडचे नसल्यामुळे त्यात कबुली नाही. कंपनीचा दोष मोठा आहे, मर्यादा माणसे मेल्यावर आली हे विसरता येत नाही. तरीही मजकूर पुढे ढकलणारी बोटे इथल्याच माणसांची होती, आणि मराठीच्या शिक्षणाने त्यांना शुद्ध लिहिण्याचा धाक घातला, पण ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवण्याची सवय लावली नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला मिळालेल्या अभिजात भाषेच्या दर्जाचा अभिमान योग्यच आहे. मात्र या संमेलनाच्या ठरावांत शुद्धलेखनाच्या ठरावाआधी एक मागणी यावी: शालेय मराठीच्या पुस्तकात बातमीचा उगम विचारायला शिकवणारा पाठ असावा, आणि तो लिहिणाऱ्यांच्या समितीत डवरी गोसावी समाजातील जाणत्यांना मानाने बसवावे.