काळजी जेव्हा आजार होते
(वार्षिक सभेतील मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तथापि रुग्णांच्या फायली आणि बिले रोज माझ्या टेबलावरून जातात. त्यांपैकी एका फाईलविषयी आज बोलावेसे वाटते.

पंचेचाळिशीच्या एक भगिनी. छातीत धडधड, मानदुखी, निद्रानाश, सततचा थकवा. वर्षभरात तीनदा ईसीजी, एकदा इको, थायरॉईडची तपासणी. सर्व अहवाल नॉर्मल. बिल भरताना यजमान म्हणाले, "साहेब, हिला काही झालेले नाही. उगाच काळजी करते." मीही मान डोलावली, याचा आज खेद वाटतो. अहवाल पाहून आम्ही त्यांना घरी पाठवत होतो. आजारही त्यांच्यासोबत घरी जात होता. चौथ्या खेपेस मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले : जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर.

घर, पैसा, मुले, प्रकृती अशा अनेक गोष्टींची आवरता न येणारी काळजी किमान सहा महिने, बहुतेक दिवस राहणे आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, चिडचिड, स्नायूंचा ताण, अपुरी झोप, हे या आजाराचे स्वरूप. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. परंतु कर्ते पुरुष, विद्यार्थी आणि वृद्धही त्यातून सुटलेले नाहीत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. थायरॉईडच्या विकारातही काही लक्षणे अशीच असतात, म्हणून प्राथमिक तपासण्या हव्यातच. मात्र त्या नॉर्मल आल्या म्हणजे रुग्ण निरोगी, हा हिशेब चुकतो.

समुपदेशन आणि औषधे यांनी या आजारात चांगला उतार पडतो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती मनानेच बंद करू नयेत. आप्तेष्टांना विनंती, की 'काळजी करू नकोस' असे सांगून न थांबता रुग्णासोबत बाह्यरुग्ण विभागात यावे. 2022 पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवाही 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे.

देणगीदारांनो, यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. समुपदेशकाने रुग्णासाठी दिलेल्या पाऊण तासावर ते कोरता येत नाही. तरीही त्या पाऊण तासासाठी आज मी आपणांपुढे हात पसरीत आहे.

त्या भगिनी आता नियमित येतात. यजमान बाहेर थांबत नाहीत; आत, शेजारच्या खुर्चीवर बसतात.