सीबीसीच्या कागदावरचे दोन आकडे

लघवीतून रक्त जाते, पण दुखत काहीच नाही. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा याच खुणेने समोर येतो. दुर्बिणीने तपासल्यावर दर चारपैकी सुमारे तीन रुग्णांत गाठ अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच असते, स्नायूत शिरलेली नसते. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. मग घरच्यांचा प्रश्न असतो: ही परत येणार का? आणि आली, तर खोलवर जाणार का?

याचा अंदाज बांधण्यासाठी 2006 साली युरोपातील संशोधकांनी सात चाचण्यांतील 2,596 रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. गाठी किती, केवढ्या, पूर्वी कितीदा उलटल्या, किती खोल गेल्या, अशा सहा बाबींना गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या गटात पाच वर्षांत आजार उलटण्याची शक्यता 31 टक्के निघाली, सर्वांत जास्त गुणांच्या गटात 78 टक्के. हे कोष्टक उपयोगी ठरले. पण त्यातल्या सहाही बाबी आजाराच्या आहेत. ज्या शरीरात तो वाढला, त्याची प्रतिकारशक्ती कशी आहे याला तिथे जागा नाही.

ती जागा रक्ताने भरून निघेल का, याचा शोध गेली काही वर्षे चालू आहे. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, होतेच. तिच्यात न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचे प्रमाण छापलेले असते. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. न्यूट्रोफिल 60 टक्के आणि लिंफोसाइट 30 टक्के असतील तर उत्तर 2. 75 आणि 15 असतील तर 5. न्यूट्रोफिल वाढणे हे शरीरात दाह असल्याचे लक्षण, आणि दाह गाठीला पोसतो. लिंफोसाइट कर्करोगाच्या पेशी हेरून मारतात. त्यामुळे भागाकार मोठा आला की पारडे गाठीच्या बाजूने झुकल्याची शंका येते. दाह आणि कर्करोग यांचे नाते रुडॉल्फ फिरखो यांनी 1863 मध्येच सुचवले होते. अलीकडच्या अनेक अभ्यासांतही हा भागाकार मोठा असलेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले.

पैसा लागत नाही, सुई पुन्हा टोचावी लागत नाही. मग अडले कुठे? बहुतेक अभ्यास जुन्या फायली उघडून केलेले आहेत आणि धोक्याची रेषा कुणी 2 वर ओढली, कुणी 3 वर. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा स्टिरॉइडची गोळी एवढ्यानेही आकडा चढतो. तंबाखूची गुंतागुंत तर याहून मोठी. या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते आणि धूम्रपानाने पांढऱ्या पेशीही वाढतात. तेव्हा वाढलेला आकडा गाठीमुळे की विडीमुळे, हे सांगणे कठीण होते.

तरीही या संशोधनाची निकड मोठी आहे, आणि तिचे कारण बीसीजी. कॅनडातील किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला: क्षयाची हीच लस आठवड्यातून एकदा, सहा आठवडे मूत्राशयात सोडली की गाठी उलटण्याचे प्रमाण घटते. आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या उपचारासाठी बीसीजी बनवते. लस काम करते ती रुग्णाची प्रतिकारशक्ती जागवून. काहींची जागत नाही. अशांना पुढे मूत्राशयच काढून टाकावे लागू शकते, आणि निर्णयाला उशीर झाला तर आजार स्नायूत उतरलेला असतो. कुणाला बीसीजी लागू पडणार नाही, हे रक्ताने आधी सांगितले, तर त्या रुग्णांचे हातचे महिने वाचतील. या संशोधनाचा सर्वांत मोठा फायदा तिथेच होईल.

तूर्त युरोपच्या मार्गदर्शक कोष्टकांत हा भागाकार नाही. म्हणून सीबीसी हातात आल्यावर घरीच गणित करून कुणी धास्तावू नये आणि आकडा कमी दिसला म्हणून तीन महिन्यांनी ठरलेली दुर्बीण तपासणीही चुकवू नये. या भागाकाराखेरीज, कर्करोगाच्या पेशींतून सुटलेले डीएनए शोधण्याचे कामही जोरात आहे. सुरुवातीच्या अवस्थेत ते रक्तात फारच थोडे सापडते, गाठीला सतत लागून असलेल्या लघवीत बरेच जास्त. त्यामुळे या टप्प्यावर अनेक प्रयोगशाळा रक्तासोबत लघवीचा नमुनाही मागवू लागल्या आहेत.