खिडकीतला मिरचीचा तरवा



डिसेंबर लागला की पुण्या-नाशिककडे रात्रीचा पारा 10-12 अंशांवर उतरतो. अशा थंडीत बाहेरच्या कुंडीत टाकलेलं मिरचीचं बी आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं आणि पुष्कळदा कुजून जातं. त्याला रुजायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. म्हणून या दिवसांत तरवा घरातच टाकायचा.

आधी बियाविषयी. बाजारातल्या हिरव्या मिरचीचं बी कोवळं असतं, ते धरू नका. झाडावर लालभडक पिकलेल्या मिरचीचं घ्या. संकरित वाणाच्या बियापासून आईसारखंच झाड येईल याचा भरवसा नसतो. पण ज्वाला, भिवापुरी किंवा काणकोणची खोला मिरची अशा सरळ वाणांचं बी घरी धरता येतं. माझी आजी बियाला चुलीतली राख चोळून ते मडक्यात ठेवायची. साधारण दोन वर्षं ते चांगलं उगवतं, पुढे जोम कमी होत जातो.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत कालवून ओलं करा. मूठ दाबली की पाण्याचे एक-दोन थेंबच गळावेत, धार लागू नये. तळाला भोक पाडलेल्या कागदी पेल्यांत हे मिश्रण भरा, अर्धा सेंटिमीटर खोल दोन-दोन बिया टाका आणि वर प्लास्टिक झाका. पेले फ्रिजवर ठेवलेत तरी चालतं, तिथे रात्रंदिवस थोडी ऊब असते. आठ-दहा दिवसांत मातीतून वाकलेली मान वर येते. कधी बियाचं टरफल दोन्ही पानांना चिकटून राहतं. ते नखाने ओढू नका, पानं तुटतात. पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा, तासाभराने ते आपसूक सुटतं.

इथून पुढे मात्र सगळा हिशेब बदलतो. उगवेपर्यंत ऊब हवी होती, उगवल्यावर उजेड हवा. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी माझी चाळीसेक रोपं उगवली आणि मी ती तशीच झाकून फ्रिजवर ठेवली, वर रोज पाणीही घातलं. चार दिवसांत ती दोऱ्यासारखी लांबली. पुढे एका सकाळी पाहिलं, तर निम्मी आडवी झालेली. मातीलगत देठ पाणचट होऊन सुतासारखा बारीक पडला होता. यालाच रोपं कोलमडणं म्हणतात. ती ओल्या, कोंदट मातीतल्या बुरशीची करणी असते, आणि पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. फार जीव हळहळला तेव्हा.

म्हणून सांगते, पहिली मान दिसली की त्याच दिवशी झाकण काढा आणि पेले दक्षिणेच्या खिडकीत मांडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन त्या खिडकीतून थेट आत येतं. रोपं उन्हाकडे झुकतात, तेव्हा पेला रोज थोडा फिरवा. ऊन येत नसेल, तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर 12 ते 14 तास लावा.

पाणी वरून ओतू नका. ताटलीत पाणी घालून पेले त्यात 15-20 मिनिटं ठेवा, मग उचला. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. दिवसातून तासभर पंख्याची मंद झुळूक लागू द्या, देठ जाड होतो.

उगवतानाच्या दोन पानांनंतर येतात त्या खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की रोप मोठ्या पेल्यात हलवा. हलवताना पान धरा, देठ नाही. पान गेलं तर नवं फुटतं, देठ चेचला तर रोपच जातं. पानांखालीही रोज पाहत जा. पानं वरच्या बाजूला वळू लागली, तर फुलकिडे आलेत असं समजा आणि ते रोप लगेच बाजूला काढा.

सहा-सात आठवड्यांनी रोप वीतभर होतं. त्याला एकदम कडक उन्हात नेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग वाढवत वाढवत आठवडाभराने दिवसभर. त्यानंतर ते बारा इंची कुंडीत लावा.

आता बी टाकलंत, तर जानेवारीअखेर रोपं कुंडीत जातील आणि एप्रिलमध्ये घरची हिरवी मिरची ताटात येईल. तेव्हा मंडळी, आज रात्रीच बी भिजत घाला.