शिलेदार आणि फ्रीलान्सर

लासलगावजवळचं विंचूर म्हणजे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं जहागिरीचं गाव. १७६१ च्या पानिपतात लढून परत आलेले हे सरदार. त्या काळातली हत्यारं गंजून गेली, शब्द मात्र अजून चालतात.

फौजेत घोडेस्वार दोन तऱ्हेचे. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. अरबीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ते बाळगणारा सिलाहदार, तोच आपला शिलेदार.

गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘फ्रीलान्सर’ही याच जातकुळीचा. ‘लान्स’ म्हणजे घोडेस्वाराचा भाला. जो पैसे देईल त्याच्यासाठी भाला उचलणारा, तो फ्रीलान्स. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीनं १९व्या शतकात हा शब्द रुळवला. तेव्हा घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर चार कंपन्यांची कामं करणारी तुमची लेक चक्क शिलेदार आहे!

बंदुकांच्या सरबत्तीवरून प्रश्नांची सरबत्ती आली, दांडपट्ट्यावरून तोंडाचा पट्टा. तो कुणाच्या घरी सुटतो, ते विचारू नका. आणि लग्नाच्या स्टेजवरचं ग्लॅडिओलसचं फूल? लॅटिनमध्ये ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार. त्याची पानं बघा, थेट पात्यासारखी.