सायकलीवरून घाटवाटा : संमतीपूर्वी करावयाचा विचार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात व विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



गुणगौरवाच्या या प्रसंगी परीक्षेतील यशाविषयी चार शब्द बोलावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु आपल्या वसतिगृहातील सहा विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत सायकलींवरून सह्याद्रीचे घाट पार करण्याचा बेत केला आहे, आणि संमती द्यावी की न द्यावी याविषयी त्यांच्या पालकांत दोन तट पडले आहेत. कार्यकारी मंडळाने आज मला याच विषयावर बोलण्याची सूचना केली, म्हणून मी उभा आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. संमती मुलांच्या उत्साहाकडे पाहून देऊ नये, आणि आपल्या मनातील भीतीपोटी नाकारूही नये. ती त्यांच्या आखणीकडे पाहून द्यावी. आखणी चांगली कोणती, हे ओळखण्याची खूण एकच आहे. ती सहांतील सर्वांत दुर्बळ सोबत्याच्या मापाने बेतलेली असली पाहिजे.

हे खूळ आजकालचे आहे, असे कोणी समजू नये. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ साली सुमारे ७० हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा करून मुंबईस परतले. उरलेले तिघे वाटेत निरनिराळ्या ठिकाणी थांबले. त्या थांबण्याने त्यांना कमीपणा आला नाही. आपल्या काळात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड सायकलीवरून ओलांडण्याची कठीण शर्यत पुरी केली. २०१८ साली वेदांगी कुलकर्णी या महाराष्ट्रकन्येने विशीच्या उंबरठ्यावर सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या मुलींनीही या बेतात नाव घातले, तर ‘मुलीच्या जातीला हे झेपेल काय’ असा प्रश्न करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता मुलांनी आखलेल्या मार्गाकडे वळू. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणी व महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग महाड, महाडाहून वरंधा घाटाने भोर, आणि भोरहून मांढरदेवीच्या डोंगरावरून पुन्हा वाई, असे हे वर्तुळ आहे. मार्ग सुरेख निवडला आहे, यात शंका नाही. पुणे-सातारा महामार्गाची धावती वाहने त्यात टळतात. पोलादपूर ते महाड हा सुमारे १८ किलोमीटरांचा तुकडा तेवढा मुंबई-गोवा महामार्गावर येतो. तो सकाळच्या उजेडात, एकामागे एक अशी रांग धरून आणि कडेने पार करावा. रात्री त्या रस्त्यावर पाऊलही टाकू नये.

या मुलांनी प्रथम हा प्रवास तीन दिवसांत बसविला होता. अंतरांची बेरीज केली तर ते शक्यही दिसते. पण घाटाचे गणित बेरजेचे नसते. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. सपाटीवर ते पाऊण तासाचे काम. परंतु त्या १२ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढावयाची आहे. पाठीमागे कॅरिअरवर दहा किलो ओझे असता नवशिक्याने ताशी पाच-सहा किलोमीटर गाठले तरी पुष्कळ झाले. म्हणजे चढाचे दोन-अडीच तास आणि विश्रांतीचा एक तास. पाचगणीहून महाबळेश्वर आणखी १९ किलोमीटर आहे. एवढ्याने पहिला दिवस भरला. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून दुपारी चारला मुक्कामी पोहोचण्याचा हिशेब धरावा. मधले दोन तास पंक्चर, पोटदुखी आणि चुकलेली वाट यांच्यासाठी शिलकीत ठेवावेत. ज्याच्या संसारात शिल्लक नाही, त्याला पहिल्याच आजारपणात कर्ज काढावे लागते. प्रवासाचेही तसेच आहे.

म्हणून मी त्यांना पाच दिवस सुचविले, आणि त्यांनी ते मान्य केले. दुसरा दिवस महाबळेश्वर ते पोलादपूर. अंतर सुमारे ४० किलोमीटर आणि बहुतेक उतार. वाटेत प्रतापगड आहे. १६५९ सालच्या १० नोव्हेंबरला त्याच्या पायथ्याशी काय घडले, हे मराठी मुलाला सांगावयास नको. मात्र उतार म्हणजे आराम, हा समज घातक आहे. चढ दम काढतो, पण अपघात बहुधा उतारावर होतात. ब्रेक सतत दाबून धरला तर चाकाची रिम तापते, रबर झिजते आणि हात बधिर होतात. वळणापूर्वीच वेग कमी करावा, पुढचा व मागचा ब्रेक मिळून लावावेत, मग सोडावेत. दर तीन-चार किलोमीटरांवर थांबून हात मोकळे करावेत. दोन सायकलींत किमान वीस पावलांचे अंतर असावे. उतारावर शर्यत लावणाऱ्याची सायकल त्याच दिवशी टेम्पोत घालून त्याला घरी पाठवावे, असा नियम मुलांनी आपण होऊन केला आहे. तो ऐकून मला फार समाधान वाटले.

तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. पोलादपुराजवळ उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ती पाहून महाड गाठावे आणि दुपार महाडात काढावी. तेथील चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर या मुलांनी क्षणभर बसावे, अशी माझी इच्छा आहे. १९२७ साली, २० मार्च रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तेथे गेले आणि त्यांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने अवश्य सांगितली पाहिजे. आपली संस्था शिक्षणासाठी व परस्परसाहाय्यासाठी आहे, कुंपणासाठी नव्हे. या सहांतील दोघे आपल्या ज्ञातीबाहेरचे मित्र आहेत, अशी कुजबुज माझ्या कानावर आली. घाटात एकाची साखळी तुटली, तर दुसरा त्याची जात विचारीत नाही, पाना पुढे करतो. ते दोघे असावेत हेच उचित होय.

महाडाहून रायगड जवळच असल्याने ‘तोही करून टाकू’ असा मोह होईल. तो आवरावा. रायगडाला स्वतंत्र दिवस आणि ताजे पाय हवेत. कारण चौथा दिवस सर्वांत कठीण आहे. समुद्रसपाटीलगतच्या महाडातून वरंधा घाट चढून देशावर यावयाचे, मग नीरा देवघर जलाशयाच्या काठाकाठाने भोर गाठावयाचे. या दिवशी उजाडताच निघावे. ऊन चढण्यापूर्वी घाटाचा मोठा भाग मागे पडला पाहिजे. घाटात दुकाने विरळ आहेत, म्हणून प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावे. तहान लागल्यावर पिऊ, असे म्हणू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत व त्यांतील काही पाण्यात मीठ-साखर असावी. गूळ-शेंगदाणे, केळी आणि घरच्या दशम्या यांहून उत्तम शिदोरी मला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी भोर ते वाई. अंतर कमी, पण मांढरदेवीचा चढ थकल्या पायांची परीक्षा पाहील.

रस्ता खुला आहे किंवा नाही, याची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी केलीच पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. वरंधा घाटही अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात वारंवार बंद ठेवण्यात आला आहे. दिवाळीत पाऊस सरलेला असतो, तरी सैल झालेली दरड आणि चाललेले रस्त्याचे काम पंचांग पाहत नाही. घाट बंद असल्यास बेत बदलावा. अडसर चुकवून सायकल पलीकडे नेण्यात पराक्रम नाही.

आता सोबत्यांविषयी. अशा प्रवासात मैत्री बळावते, तशी तुटतेही. ती तुटण्याची कारणे तीन : वेग, पैसा आणि हेका. वेगासाठी नियम असा की, सर्वांत सावकाश चालविणाऱ्याने पुढे राहावे आणि सर्वांत सशक्ताने शेवटी. हुशार विद्यार्थ्यांना पुढील बाकांवर बसवून वर्ग चालविणारा शिक्षक निम्मा वर्ग गमावतो, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. पैशासाठी नियम असा की, सर्वांची समान वर्गणी एकाजवळ ठेवावी आणि रोज रात्री खर्च वहीत लिहून सर्वांना वाचून दाखवावा. हेक्यासाठी नियम असा की, ‘पुढे जाऊ’ म्हणण्यास सहांचे एकमत लागावे, आणि ‘थांबू’ म्हणण्यास एकाचा शब्द पुरे व्हावा. थांबा म्हणणाऱ्याची पुढे कधीही थट्टा करू नये. एवढे एक कलम पाळले गेले, तर माझी अर्धी चिंता मिटेल.

साहित्याची यादी मी वाढवीत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, सायकलीच्या मागे लाल दिवा आणि खिशात नाव, रक्तगट व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सहांत मिळून दोन पंप, चार जादा ट्यूब, साखळी जोडण्याचे साधन, ब्रेकचे रबर, पाने आणि औषधांची पेटी पुरे. पंक्चर काढता येत नाही, त्याने निघूच नये. निघण्यापूर्वी चार रविवार भरल्या ओझ्यानिशी जवळच्या एखाद्या घाटात सराव करावा. त्यात ज्याचे गुडघे दुखतील, त्याच्यासाठी बेत लहान करावा. त्याला गाळू नये. घाटात ठिकठिकाणी फोन लागत नाही, म्हणून घरी कळविण्याच्या वेळा ठरवाव्यात : निघताना, दुपारी आणि मुक्कामी. मुक्कामाचे पत्ते पालकांजवळ आधी असावेत. रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

पालकहो, भोज्याला शिवून परत येणाऱ्या मुलापेक्षा सोबत्यासाठी वाटेत थांबणारा मुलगा मला अधिक गुणवान वाटतो. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. म्हणून हे गुण शिकण्याची संधी घराबाहेर, रस्त्यावर शोधावी लागते. मुलांनी ही आखणी स्वच्छ अक्षरात लिहून आज कार्यवाहांच्या हाती दिली आहे. तिच्यात पाच दिवस, चार मुक्काम, आणि प्रत्येक दिवशी माघार कोठून व कोणत्या वाहनाने घ्यावयाची, याची नोंद आहे. आपण ती वाचावी, शंका विचाराव्यात, आणि समाधान झाल्यास खाली सही करावी. समाधान न झाल्यास काय दुरुस्ती हवी, ते लिहावे. केवळ ‘नको’ लिहून कागद परत करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सहा जण निघाल, तेव्हा सहाच्या सहा वाईस परत या. कोणी सायकलीवरून आला आणि कोणी एस.टी.तून, याची विचारपूस मी करणार नाही.