क्रांतीचा वारसा आणि वंशावळीचा दाखला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील एखाद्या लहान गावात ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या संस्थेची नवी शाखा निघते, तेव्हा निदान बारा स्त्रिया जमाव्या लागतात. प्रत्येकीजवळ कागदांची चळत असते. स्वतःचा जन्मदाखला, आईबापांचा विवाहदाखला, आजा-पणज्यांच्या नोंदी, अशी पिढ्यांची साखळी जोडत १७७५ ते १७८३ च्या स्वातंत्र्ययुद्धातील पूर्वजापर्यंत जावे लागते. दुवा जुळला नाही तर प्रवेश नाही. मग शाखेचे नामकरण होते आणि प्रमुख बाईंना ‘रीजंट’ हे पद मिळते. रीजंट म्हणजे राजाच्या नावाने राज्य चालवणारा! राजाला झुगारून देणाऱ्यांच्या लेकींना पदासाठी दुसरा शब्द सापडू नये, हे गमतीचे आहे.

संस्थेच्या जन्माची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८८९ साली पुरुष वंशजांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना सभासदत्व नाकारले. तेव्हा ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन शहरात स्त्रियांनी स्वतःची संस्था उभी केली. मेरी डेशा, मेरी लॉकवुड, एलन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन या चौघी तिच्या संस्थापिका मानल्या जातात. त्यांचा संताप न्याय्य होता. शिवाय केवळ बंदूकधारीच नव्हे, तर सैन्याला रसद पुरवणारा किंवा नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेणारा साधा माणूसही येथे पूर्वज म्हणून चालतो, याचेही माप या संस्थेच्या पदरात टाकले पाहिजे.

परंतु क्रांती रक्तातून उतरते हे गृहीतकच तपासण्यासारखे आहे. युद्ध संपताच, १७८३ मध्ये, सेनाधिकाऱ्यांनी ‘सिनसिनाटी’ नावाची मंडळी स्थापली; तिचे सभासदत्व ज्येष्ठ पुत्राकडे जाणार होते. त्यावर बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली आपल्या मुलीला पत्र लिहून साधा हिशेब मांडला. पुत्रात वीराचा अर्धा अंश, नातवात पाव. असे करीत नवव्या पिढीत उरतो ५१२ वा हिस्सा. बाकीचे ५११ हिस्से कोणाचे, हे विचारण्याचे धैर्य त्या मंडळींपैकी कितीजणांना होते?

या अंशावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे पुढे काय झाले, तेही पाहावे. १९२८ साली तिची काळी यादी उघडकीस आली. व्याख्यानाला बोलावू नये अशा व्यक्तींच्या त्या यादीत जेन ॲडम्स यांचे नाव होते. त्यांनाच १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. यादीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या हेलन टफ्ट्स बेली या सभासद स्त्रीला संस्थेने काढून टाकले. तिची वंशावळ अर्थातच बदलली नाही. १९३९ मध्ये संस्थेने आपले सभागृह मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णी गायिकेला नाकारले. एलिनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला, आणि ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५ हजार लोकांनी ते गाणे ऐकले. त्या लढ्यात काळे सैनिकही लढले होते. तरी ज्ञात असलेली पहिली कृष्णवर्णी सभासद, केरन फार्मर, संस्थेत आली ती १९७७ साली. नंतर संस्थेनेच कृष्णवर्णी आणि मूलनिवासी योद्ध्यांच्या नावांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, हेही नमूद करायला हवे.

आता त्या कागदांच्या चळतीकडे वळू. पूर्वजाच्या सेवेचा दाखला पुष्कळदा निवृत्तिवेतनाच्या अर्जात सापडतो. १८१८ च्या कायद्याने हे वेतन केवळ गरजू सैनिकांना मिळे. १८२० पासून त्यासाठी शपथेवर मालमत्तेची यादी द्यावी लागली. म्हाताऱ्या सैनिकांनी न्यायालयात उभे राहून घरातली भांडीकुंडी मोजून दाखवली. गरजेची अट नसलेले व्यापक वेतन आले १८३२ मध्ये. भारतातही १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाला प्रथम उत्पन्नाची मर्यादा होती, ती १९८० साली उठली. तुरुंगाचा दाखला नसलेल्या भूमिगत कार्यकर्त्यांची कुचंबणा येथे बसलेल्यांना निराळी सांगायला नको.

जोसेफ प्लम्ब मार्टिन हा असाच एक सैनिक. १७७६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो सैन्यात गेला आणि युद्ध संपेपर्यंत लढला. पुढे मेनमध्ये त्याने जमीन कसली. त्या जमिनीवर जनरल हेन्री नॉक्स याने मालकी सांगितली, आणि कायद्याने नॉक्सचीच बाजू उचलून धरली. ‘सिनसिनाटी’ मंडळीची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तोच हा नॉक्स. १८२० साली मार्टिनने आपली मालमत्ता शपथेवर लिहून दिली. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण सोडले, तर तीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर एवढेच होते. जमीन नव्हती.