चालींतून गोष्ट सांगणारा संगीतकार



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मला ‘परदेशी रंगभूमी’ या विषयावर दहा मिनिटे बोलण्याची आज्ञा झाली आहे. दहा मिनिटांत सारी रंगभूमी मावणार नाही. म्हणून मी एकच माणूस निवडला आहे. तो म्हणजे अमेरिकेतील संगीत नाटकांचा संगीतकार रिचर्ड रॉजर्स. ‘साउंड ऑफ म्यूझिक’ हा १९६५ सालचा चित्रपट आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. त्यातील बहुतेक गाण्यांच्या चाली याच्याच.

रॉजर्सचा जन्म १९०२ साली न्यूयॉर्कचा. वयाच्या सतराव्या वर्षी त्याची लॉरेंझ हार्ट या कवीशी गाठ पडली आणि दोघांनी वीसहून अधिक वर्षे एकत्र काम केले. त्या काळी तिकडच्या संगीत नाटकांत कथानक नावापुरते असे. गाणी, विनोद आणि नाचणाऱ्या मुलींचा ताफा यांवरच सारी भिस्त.

हे चित्र पालटले ते १९४३ साली, ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाने. ‘थिएटर गिल्ड’ या संस्थेच्या चालक थेरेसा हेलबर्न यांनी शेतकरी आणि गुराखी यांच्या जीवनावरील एका जुन्या नाटकाचे संगीत नाटक करावे, असे सुचविले. हार्टला विषय रुचला नाही. व्यसनाने त्याची प्रकृतीही ढासळली होती. तेव्हा रॉजर्सने ऑस्कर हॅमरस्टाइन यांना बरोबर घेतले. पडदा उघडतो तो अंगणात एकटीच लोणी घुसळीत बसलेल्या बाईवर, आणि आतून एका गुराख्याचे गाणे ऐकू येते. ताफा नाही, थाटमाट नाही! नृत्ये बसविली अॅग्नेस डी मिल यांनी, आणि तीही कथेला पुढे नेणारी. नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हार्ट वारला.

आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ छापलेली असे. म्हणजे चाल आधी, शब्द मागून. हार्टबरोबर रॉजर्सची रीत बहुधा तशीच होती. हॅमरस्टाइन मात्र आधी शब्द लिहून देत. चाळिशी गाठल्यावर त्याने कामाची पद्धतच बदलली आणि पात्राच्या बोलण्यातून गाणे उगवू लागले.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. १९४९ सालच्या ‘साउथ पॅसिफिक’ नाटकात एक परिचारिका एका मळेवाल्याच्या प्रेमात पडते. पण त्याच्या पहिल्या बायकोचा वर्ण वेगळा होता व मुले तिची, हे कळताच मागे फिरते. तेथे एक गाणे आहे: द्वेष जन्मजात नसतो, तो लहान मुलांना पद्धतशीर शिकविला जातो, असे सांगणारे. प्रेक्षक दुखावतील, हे गाणे गाळा, असा सल्ला मिळाला. दोघांनी तो मानला नाही. गाणे राहिले, आणि पुढल्या वर्षी नाटकाला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. भगिनींनो, मुलांना शिकविणाऱ्यांत आपणच पहिल्या. तेव्हा ते गाणे आपल्याही उंबऱ्यापर्यंत येते.

१९६० साली हॅमरस्टाइन गेले. रॉजर्स थांबला नाही. ‘नो स्ट्रिंग्ज’ या १९६२ सालच्या नाटकाची पदेही त्याने स्वतःच लिहिली. १९७४ साली कर्करोगाने त्याचे स्वरयंत्र काढावे लागले. तो पुन्हा बोलायला शिकला आणि त्यानंतरही त्याने दोन नाटकांना संगीत दिले. शेवटचे नाटक १९७९ च्या मे महिन्यात आले. डिसेंबरात तो वारला.

त्याची कन्या मेरी हीही संगीतकार झाली, आणि नातू अॅडम गेटेल यानेही तीच वाट धरली. १९९० साली न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाला रॉजर्सचे नाव देण्यात आले. पण माझ्या मते त्याचे खरे स्मारक म्हणजे ते न गाळलेले गाणे. यंदा आपल्या मुलांचे नाटक बसविताना त्याची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून आपली रजा घेते.